राष्ट्रीय उद्यान नसलेल्या जिल्ह्याचे वन्यजीव

जालना जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही आणि एकही अभयारण्य नाही. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्या आसपास आहे. या आकड्यांवरून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो: जालन्यात वन्यजीव नाहीत, ते पाहायचे तर ताडोबा, पेंच, कान्हा किंवा रणथंबोर गाठावे, जिप्सीत बसावे आणि वाघ पाहून परतावे. या निष्कर्षात तीन विधाने आहेत. पहिले, वन्यजीव राष्ट्रीय उद्यानात राहतात. दुसरे, सफारीमुळे ते वाचतात, म्हणून सफारीला जाणे हेच निसर्गप्रेमाचे काम. तिसरे, जालन्यासारख्या जिल्ह्यात उरलेले माळ पडीक आहेत आणि तिथली हरणे म्हणजे केवळ शेतकऱ्याच्या मागचा ताप. ही तिन्ही विधाने अपुरी आहेत आणि एकत्र घेतली तर घातक आहेत. त्यांचा प्रतिवाद क्रमाने करणे आवश्यक आहे.

प्रथम या मताच्या जमेची बाजू. भारतातील संरक्षित क्षेत्रांनी वाघ वाचवला, यात शंका नाही. १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांसह व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्या नऊंत महाराष्ट्राचे मेळघाट होते. आज देशात ५० हून अधिक व्याघ्र प्रकल्प आहेत. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची सरासरी अंदाजित संख्या ३,६८२ आली, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात. ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले; आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून १,७०० चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. मोहर्ली, कोलारा यांसारख्या प्रवेशद्वारांजवळच्या गावांतील शेकडो तरुणांना मार्गदर्शक, जिप्सीचालक, निवासगृहांतील कामगार म्हणून रोजगार मिळाला. हे सारे खरे आहे आणि ते टिकले पाहिजे. प्रतिवाद राष्ट्रीय उद्यानांशी नाही. उद्यानाच्या सीमेबाहेरचा निसर्ग हिशेबातूनच वगळणाऱ्या दृष्टीशी आहे.

राष्ट्रीय उद्यान ही कायद्याने आखलेली हद्द आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून ती आखते. ती कोठे आखायची हे ठरवताना बहुधा दाट जंगल, मोठे सरकारी वनक्षेत्र आणि कमी लोकवस्ती पाहिली गेली. महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी चार विदर्भात आहेत, एक मुंबईच्या उत्तर भागात आणि एक सह्याद्रीत. मराठवाड्यात एकही नाही. याचे कारण मराठवाड्यात वन्यजीव नव्हते हे नाही. येथील निसर्ग दाट जंगलाचा नव्हता, हे कारण आहे.

जालन्याचा पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. खाली बेसॉल्टचा थर, नदीकाठी खोल काळी माती, उंचवट्यावर मुरमाड बरड. अशा हवामानात आणि अशा उथळ मातीवर दाट अरण्य वाढत नाही. तिथे गवत येते: पवन्या, मारवेल, कुसळी. मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. उजाड वाटणारा हा माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली जागा असते, असा समज चुकीचा आहे. दख्खनच्या पठारावर गवताळ माळ हा निसर्गाचा स्वतंत्र आणि पुरातन प्रकार आहे, आणि त्याचे प्राणी त्याच्याच मापाचे आहेत. काळवीट मोकळ्यावर जगते, कारण दूरवर दिसणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण. दाट झाडीत ही दोन्ही साधने निरुपयोगी ठरतात. चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ तग धरतो. लांडगा मैलोन्‌मैल चालून शिकार शोधतो. खोकड बिळात राहून उंदीर, सरडे आणि किडे खाते. पक्ष्यांत धाविक, चंडोल, पखुर्डी जमिनीवरच घरटे करतात आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतातच उतरतात. यांच्यापैकी एकालाही दाट जंगल नको आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांच्या शिवारांत हरणांचे आणि रोह्यांचे (नीलगायींचे) कळप आजही दिसतात. जालना शहराला पाणी देण्यासाठी निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात.

जालन्याच्या माळाचे महत्त्व जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका परक्याने ओळखले होते. मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक टॉमस जर्डन १८३७ साली एका घोडदळ पलटणीत रुजू झाला आणि तिच्याबरोबर काही वर्षे जालन्याच्या छावणीत राहिला. १८३९-४० च्या सुमारास मद्रासच्या एका नियतकालिकातून त्याने भारतीय द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यातील अनेक नोंदींवर जालन्याचे नाव आहे. पुढे १८६२ ते १८६४ या काळात आलेला त्याचा ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ भारतीय पक्षिशास्त्राचा पाया मानला जातो. त्या पायाचे काही दगड जालन्याच्या माळावरचे आहेत. ज्या जिल्ह्यात ‘पाहण्यासारखे काही नाही’ असे आज म्हटले जाते, तिथे एका निरीक्षकाला वर्षानुवर्षे पुरेल इतके पाहण्यासारखे होते. मग मधल्या काळात काय झाले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचे उत्तर देशातील वन्यजीवांच्या ऱ्हासाकडे एकत्रित पाहिले की मिळते. स्वातंत्र्यानंतर देशातून नामशेष झालेला मोठा सस्तन प्राणी म्हणजे चित्ता. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा मोठा पक्षी म्हणजे माळढोक. जगात त्याची संख्या दीडशेच्या आत आली आहे आणि एकेकाळी त्याचे घर असलेल्या महाराष्ट्रात तो जवळपास दिसेनासा झाला आहे. तनमोराची अवस्था तितकीच बिकट आहे. तिन्ही गवताळ माळाचे. भारतीय लांडग्यांची संख्या तज्ज्ञ सुमारे तीन हजार धरतात, म्हणजे तो वाघापेक्षाही विरळ. आणि त्यातील बहुसंख्य लांडगे संरक्षित क्षेत्रांबाहेर राहतात. जंगलाला कुंपण, पहारा आणि निधी मिळाला. माळाला त्यांपैकी काहीच मिळाले नाही. वाघ वाढला आणि माळढोक संपत आला, या दोन घटना एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

माळ संपण्याची पहिली प्रक्रिया मोजणीपासून सुरू होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था किमान एक हेक्टर क्षेत्रावर झाडांच्या शेंड्यांची दहा टक्के सावली असेल तरच त्याला वनाच्छादन मानते. गवताला या व्याख्येत जागा नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन किंवा वृक्षाच्छादनाचे उद्दिष्ट ठेवले. या पट्टीवर मोजले की जालना जिल्हा कायम नापास ठरतो आणि नापास जिल्ह्यावरचा उपाय म्हणून उघड्या माळावर खड्डे खणले जातात. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने अनुक्रमे दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे ठरवली. ओसाड डोंगरउतारावर, रस्त्याकडेला, गावठाणात लावलेले झाड स्वागतार्हच आहे. पण सलग गवताच्या माळावर ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावले की गवत सावलीत मरते, मेंढरांचा चारा जातो, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी निघून जातात. कागदावर हिरवाई वाढते आणि प्रत्यक्षात एक अधिवास नष्ट होतो.

दुसरी प्रक्रिया पाण्याची आहे आणि तिला दोष देता येत नाही. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतून परभणीकडे जातो. त्याने दुष्काळी शेतकऱ्याला ऊस, कापूस, मोसंबी दिली. ज्या जमिनीवर पूर्वी ज्वारी-बाजरी आणि मधूनमधून पडीक पट्टे असत, तिथे बारमाही पीक उभे राहिले. माणसाचे जगणे सुधारले, हे योग्यच झाले. परंतु मोकळी जागा किती कमी झाली, याचा हिशेब त्या वेळी कोणी ठेवला नाही आणि आजही ठेवला जात नाही.

तिसरी प्रक्रिया रस्त्यांची. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. दोन्ही बाजूंनी बंदिस्त असलेला महामार्ग वाहनांसाठी सुरक्षित असतो, पण कळपाने फिरणाऱ्या प्राण्याच्या मुलखाचे तो दोन तुकडे करतो. दाट जंगलाजवळ वन्यजीवांसाठी भुयारी आणि उन्नत मार्ग मागितले जातात, कारण तिथे वाघ असतो. काळविटाच्या वाटेसाठी तीच मागणी करणारा आवाज जिल्ह्यात उभा राहिलेला नाही. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचे नियोजन होत असताना तो आता तरी उभा राहिला पाहिजे.

वन्यजीव उद्यानाच्या आतच राहतात, या विधानाचे सर्वांत स्पष्ट खंडन वाघानेच केले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर जून २०१९ मध्ये बाहेर पडला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेतशिवारे, नाले आणि रस्ते ओलांडत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून, तो त्या वर्षाच्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरहूनच निघालेला दुसरा वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यातील कॅमेऱ्यात दिसला. त्या भागात कित्येक दशकांनी वाघ आला होता. २०२४ च्या अखेरीस आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंगघाट अभयारण्यापर्यंत गेला. ज्ञानगंगा आणि गौताळा ही दोन्ही अभयारण्ये जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांना जोडणारी अजिंठ्याची डोंगररांग भोकरदन-जाफराबादच्या उत्तर कडेला आहे. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. तिथे वाढलेल्या वाघाला नवा मुलूख हवा, आणि तो मुलूख शेतांतून, ओढ्यांतून, पडीक टेकड्यांवरूनच गाठावा लागतो. ताडोबात किंवा टिपेश्वरात पर्यटकाला दिसणाऱ्या वाघाच्या पुढच्या पिढीचे भवितव्य ‘काही नसलेल्या’ जिल्ह्यांच्या बांधांवर ठरते.

आता दुसरे विधान: सफारीमुळे वन्यजीव वाचतात. हे अंशतः खरे आहे, आणि त्याच्या मर्यादा न्यायालयांनाच आखून द्याव्या लागल्या आहेत. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये ती उठली, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांनुसार गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनासाठी वापरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणातील निकालात न्यायालयाने गाभा क्षेत्रात व्याघ्र सफारी उद्याने उभारण्यास मनाई केली. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सर्वत्र पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नियम होते, मार्गदर्शक होते, शुल्क भरलेले होते. तरी वाघिणीला चालायला वाट उरली नाही. गर्दीला एकच प्राणी हवा असला की असेच घडणार. ज्या सफारीत वाघ दिसला नाही ती वाया गेली असे मानणारा पर्यटक संवर्धनाचा सहभागी ठरत नाही. तो केवळ ग्राहक असतो.

सफारीच्या पैशाचा मार्गही तपासला पाहिजे. प्रवेशशुल्क, वाहनभाडे, निवास यांतून येणारे उत्पन्न प्रवेशद्वारांजवळच्या गावांत आणि हॉटेल व्यवसायात राहते. राज्याने २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजना राबवली, तिचा मुख्य भर व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधील गावांवर राहिला. त्या गावांना हे मिळायलाच हवे. वाघाशेजारी राहण्याची किंमत ती जिवाने मोजतात. पण मंठ्याचा जो शेतकरी हरणांना आणि रोह्यांना आपल्या सोयाबीनवर पोसतो, त्याच्यापर्यंत या व्यवस्थेतील काहीच पोहोचत नाही. जालन्याहून चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून ताडोबाला जाणाऱ्या कुटुंबाच्या खर्चातील एक रुपयाही घरापासून तासाभरावरच्या काळविटासाठी वापरला जात नाही. सफारी आपापल्या उद्यानाला मदत करते. ती देशाच्या वन्यजीवांचे संरक्षण करते, असे म्हणणे हा दावा फुगवणे आहे.

तिसरे विधान सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागे खरे दुःख आहे. पेरणी उगवून येते आणि हरणांचा कळप कोवळे शेंडे खाऊन जातो. हरभरा, सोयाबीन, तूर, मका: काहीच सुटत नाही. रोही एका रात्रीत खातो त्याहून अधिक तुडवतो. रानडुक्कर मका आणि भुईमूग उखडून टाकते. शेतकरी रात्रभर जागलीला जातो, माळ्यावर बसतो, फटाके फोडतो, पदरमोड करून झटका मशीन बसवतो. मग हरीण शेजारच्या शेतात जाते आणि दोन शेतकऱ्यांत वाद होतो. या माणसाला निसर्गप्रेमाचे उपदेश करणे अन्यायाचे आहे. माळ कमी झाला म्हणूनच हरणे शेतात येतात, असे सोपे उत्तरही पुरेसे नाही. कोवळे पीक गवतापेक्षा पौष्टिक असते आणि लांडगा कमी झालेल्या मुलखात हरणाला आवर घालणारे कोणी उरत नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करतात.

पण या दुःखातून ‘हरणे नकोतच’ हा निष्कर्ष निघत नाही. काळवीट आणि चिंकारा यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. देशाने हे प्राणी आपले मानले असतील, तर त्यांना पोसण्याचा खर्च देशाने उचलला पाहिजे. तो परतूरच्या दोन एकरवाल्याच्या माथी टाकता येणार नाही. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्याकडून मिळते, पण अर्ज, पंचनामा आणि मंजुरी यांच्या फेऱ्यांत लहान शेतकरी थकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा समावेश २०२६ च्या खरिपापासून करण्याची घोषणा केली. ही तरतूद जालन्यासारख्या जिल्ह्यांसाठी फार मोलाची आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत मोबाइलवरून छायाचित्रासह कळवण्याची अट त्यात आहे. ज्याच्या हाती साधा फोन आहे त्याच्यासाठी ग्रामपंचायतीत मदतकेंद्र असल्याशिवाय ती तरतूद कागदावरच राहील. हरणाचा विरोध शेतकऱ्याशी लावून देणारी मांडणी मूळ थकबाकी लपवते. ती थकबाकी शासनाकडे आहे.

गायरानांचा प्रश्न याच ठिकाणी येतो आणि तो प्रामाणिकपणे मांडावा लागतो. माळ वाचवा, अतिक्रमणे काढा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु मराठवाड्यातील गायरानांचा इतिहास भूमिहीनांच्या लढ्याचा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने १९९१ मध्ये घेतला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या दलित कुटुंबाने कसलेला गायरानाचा तुकडा काढून हरणाला देणे हे संवर्धन ठरणार नाही. तो दुसरा अन्याय ठरेल. वाचवायचे आहे ते अजून मोकळे असलेले माळ, वन विभागाच्या ताब्यातील कुरणे, तलावांच्या कडा आणि ओढ्यांचे काठ. तिथे आज अतिक्रमण करणारे भूमिहीन क्वचितच असतात. मुरूम उपसणारे, भूखंड पाडणारे आणि वाळू काढणारे असतात. गोदावरी आणि दुधनेच्या पात्रांतील वाळूउपसा जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. रेतीच्या काठावर अंडी घालणारे पक्षी आणि कासवे त्यात जातात, हे मात्र कोणी बोलत नाही.

यावर एक प्रतिपक्षी सूचना येते: जालन्यातही अभयारण्य घोषित करा, पर्यटक येतील, विकास होईल. हेतू चांगला असला तरी अनुभव सावध करणारा आहे. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत माळढोकासाठी १९७९ साली घोषित झालेले अभयारण्य सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात शेते, गावे आणि शहरे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांचा रोष वाढला, आणि पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. तोवर भोवतालचा माळ उसाखाली गेला होता. माणसांना विश्वासात न घेता काढलेल्या अधिसूचनेने पक्षीही वाचला नाही आणि माणसेही दुरावली. उलट अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. लहान, नेमके आणि राखलेले असल्यामुळे तिथे काळविटे टिकली. पण तीही भोवतालच्या शेतांत चरायला जातात. म्हणजे लहान अभयारण्यालाही शेजारच्या शेतकऱ्याच्या संमतीवाचून भविष्य नाही.

२००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात दोन सौम्य मार्ग आले: सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र आणि लोकांच्या किंवा खासगी जमिनीवर, त्यांच्या इच्छेने, समुदाय राखीव क्षेत्र. दोन्हींत स्थानिकांचा सल्ला आणि सहभाग कायद्यानेच मानला आहे. येवला तालुक्यातील ममदापूर येथे काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथे ठरावीक वाहने, ठरलेल्या वाटा आणि स्थानिक मार्गदर्शक आहेत, आणि पर्यटक लांडगा, चिंकारा, खोकड पाहायला जातात. जालन्यासाठी अनुकरणीय असेल तर हा मार्ग आहे, तोही आधी माळाची राखण आणि मग पर्यटन या क्रमाने. आधी जिप्सी आणि नंतर विचार केला, तर उमरेडची पुनरावृत्ती माळावर होईल. मोकळ्या रानात वाहन कुठूनही घुसू शकते आणि पळून दमलेली गाभण हरणी सहज मरते.

जिल्ह्याने करायची कामे मोठ्या निधीची नाहीत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. ती टेबलाशी बसून भरण्याऐवजी मेंढपाळ, शेतकरी आणि शाळेतील मुले यांनी वर्षभराच्या नोंदींतून भरावी, म्हणजे कोणत्या माळावर काय आहे हे प्रथमच लेखी येईल. सलग गवताळ माळांची यादी करून त्यांना वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांतून वगळावे. कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधावेत, कारण उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हरणे त्यांत पडतात. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा, कारण पाडसांना त्यांचा मोठा धोका आहे. कुरणांतील चराई मेंढपाळांशी बोलून ठरवावी, कारण गवत राखायलाही चराई लागते आणि लांडग्याने नेलेल्या मेंढीची भरपाई वेळेत मिळाली तर धनगर लांडग्याचा वैरी राहत नाही. नव्या रस्त्यांच्या आराखड्यात प्राण्यांच्या वाटा प्रथमपासून दाखवाव्यात. आणि पीकभरपाईचा पंचनामा ठरलेल्या मुदतीत झाला नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला त्याचे कारण लेखी द्यावे लागेल, अशी व्यवस्था असावी.

नागरिकाचा वाटाही आहे. सफारीला जाणाऱ्यांनी जावे. ताडोबाचे जंगल पाहण्यासारखेच आहे. पण घराशेजारच्या माळावर हिवाळ्यातील एका सकाळी दुर्बीण घेऊन शांतपणे उभे राहणेही तितकेच खरे वन्यजीवदर्शन आहे. त्यासाठी शुल्क लागत नाही. शेतकऱ्याची परवानगी, उभ्या पिकातून न चालण्याचे भान, वाहन रस्त्यावरच ठेवण्याची शिस्त आणि घरट्याचे ठिकाण जाहीर न करण्याचा विवेक एवढे लागते. शाळांच्या सहली या माळांवर जाऊ लागल्या, तर जिल्ह्याला आपल्या प्राण्यांची नावे कळतील, आणि ज्याचे नाव ठाऊक आहे ते नष्ट करणे माणसाला जड जाते.

वन्यजीव उद्यानात राहतात, हे विधान निसर्गाच्या रचनेशी जुळत नाही. सफारीने ते वाचतात, हे विधान उद्यानाच्या सीमेपर्यंतच खरे आहे. जालन्याचा माळ पडीक आहे, हे विधान महसुली दप्तरापुरतेच खरे आहे. भारतातील गवताळ माळांचे प्राणी बहुतांशी अधिसूचनेबाहेरच्या जमिनीवर जगतात. म्हणून त्यांचे संरक्षण जालन्यासारख्या जिल्ह्यांनी केले नाही, तर ते दुसरे कोणीही करू शकत नाही. जिल्हा परिषद, वन विभाग आणि ग्रामसभा यांनी पुढच्या पावसाळ्यातील खड्डे खणण्यापूर्वी आपापल्या हद्दीतील मोकळे माळ एकदा पाहून यावेत, तिथे काय जगते याची नोंद करावी आणि मगच कुदळ उचलावी.